डोंगरावरची लेबर रूम : नवख्या सिस्टरसाठी सात सोप्या पायऱ्या

अभिनंदन! लसीकरण, सर्व्हे आणि जनरल वॉर्डला कंटाळून तुम्ही लेबर रूमकडे वळताय. त्यातही पोस्टिंग मागितलंत ते आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, तळेघरच्या बाजूला. घरच्यांनी "डोकं फिरलंय का?" असं विचारलं असेल. विचारू द्या. पुढच्या सूचना नीट पाळल्यात तर वर्षभरात तुम्ही कागदावर आदर्श सिस्टर व्हाल. कागदाबाहेरचं बघायला तपासणीवाले सहसा थांबत नाहीत, त्यांना घाट उतरायचा असतो.

१. प्रशिक्षण उरकून घ्या. एएनएमची दोन वर्षं किंवा जीएनएमची तीन वर्षं झालीच आहेत. त्यावर २१ दिवसांचं एसबीए, म्हणजे सुरक्षित बाळंतपण करण्याचं प्रशिक्षण. ते मोठ्या रुग्णालयात होतं. तिथे एका टेबलाभोवती इंटर्न, नर्सिंगच्या मुली आणि सगळ्यांत मागे तुम्ही. उंच असाल तर बाळाचं डोकं दिसेल, बुटक्या असाल तर इंटर्नची पाठ. वहीत दोन्हीची नोंद 'प्रसूती पाहिली' अशीच होते.

२. बोटांना सेंटीमीटर शिकवा. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय हे दोन बोटांनी चाचपून सांगायचं असतं. नवखीला सगळंच पाच वाटतं, तेव्हा बिनधास्त पाच म्हणा. सीनियर सिस्टर सहा म्हणाल्या तर "हो, आत्ताच झालं." डॉक्टर चार म्हणाले तर नुसती मान डोलवा. ही तपासणी, म्हणजे पीव्ही, चार तासांनी एकदा पुरे, असं पुस्तकात आहे. पण शिकायला आलेल्या प्रत्येकीने एकेकदा केली तर बाईचे हाल वाढतात, तुमचं शिक्षण मात्र थांबत नाही.

३. पार्टोग्राफ मागाहून भरा. बाळाचे ठोके, आईची नाडी, कळांचा जोर दर अर्ध्या तासाला मांडत जायचं आणि रेषा उजवीकडे सरकायला लागली की वेळीच सावध व्हायचं, यासाठी तो कागद काढला होता म्हणे. अनुभवी मंडळी तो बाळ रडल्यावर भरतात. अशी रेषा धोक्याच्या बाजूला कधीच जात नाही. ठोके ११० ते १६० चालतात, तुम्ही ओळीने १४० लिहा. बीपी सगळ्यांचं ११०/७०. अक्षर तेवढं सुवाच्य असू द्या.

४. रजिस्टरांवर प्रेम करा. प्रसूतीचं, रेफरचं, औषधसाठ्याचं, जन्मनोंदीचं, शिवाय ऑनलाइन वेगळं, रेंज आली तर. बाई टेबलावर चढताच आधार आणि पासबुक मागा. जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये तिच्याच खात्यात जायचे आहेत. कातकरी वस्तीवरून आलेल्या बाईकडे पासबुक नसेल तर कपाळाला आठी घाला. कळा काय, येतच राहतात.

५. आवाज तयार ठेवा. "ओरडू नकोस", "पाय सोड", "पहिलटकरीण आहेस का?" एवढ्यावर भागतं. आणखी एक वाक्य आहे, ते छापण्याजोगं नाही, पण तुम्ही आठवडाभरात शिकाल. बाईसोबत घरची एखादी बाई आत असू द्यावी, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलंय. तरी सोबतच्या आजीला दाराबाहेरच बसवा. तिने वाडीवर बाळंतपणं केलेली असतात. कंबर कुठे चोळायची हे तिला ठाऊक असतं आणि वेळ भरल्याचं तिला तुमच्याआधी कळतं. नव्या सिस्टरच्या प्रतिष्ठेला हे परवडत नाही.

६. घड्याळाकडे बघा. पाळी आठला संपते, बाळाला हे समजावून सांगा. कारणाशिवाय ऑक्सिटोसिनने कळा वाढवू नयेत, पोट दाबू नये, असे नियम आहेत. नियमांना रात्रपाळी नसते. तेच ऑक्सिटोसिन बाळ झाल्यावर मिनिटभरात १० युनिट मांडीत द्यायचं असतं, रक्तस्राव रोखायला. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. पावसाळ्यात दोन दिवस वीज गेली तरी घाबरू नका. कुपीवरची तारीख जशीच्या तशी राहते.

मग चहाला जा. पुढच्या दोन तासांत करण्यासारखं असतंच काय? स्टूल ओढून बसायचं, दर पंधरा मिनिटांनी बेंबीपाशी हात ठेवायचा, पिशवी नारळासारखी टणक आहे की सैल पडली ते बघायचं, सैल वाटली तर चोळायची, पॅड उचलून रक्त बघायचं, नाडी धरायची. बाळंतिणी सगळ्यांत जास्त दगावतात त्या याच रक्तस्रावाने. पण नुसतं बसून राहण्याला कुठल्याच आढाव्यात मार्क नाहीत.

७. रेफर करायला शिका. लवकर पाठवलीत तर खालच्या रुग्णालयातले म्हणतील, "उगाच पाठवली." उशिरा पाठवलीत तर, "इतका वेळ काय करत होतात?" बरोबर वेळ कोणती, हे चौकशी झाल्यावर कळतं. चिठ्ठीवर 'पुढील उपचारासाठी' लिहा आणि गाडीत बसा. पोखरीचा घाट उतरून घोडेगाव, तिथून मंचर, तिथून पुणे. प्रत्येक मुक्कामी नवी चिठ्ठी, मजकूर तोच. श्रावणी सोमवार असेल तर अँब्युलन्स उतरत असते आणि भीमाशंकरला निघालेल्या गाड्या चढत असतात. रस्ता एकच.

हे सगळं साधलंत तर ११ महिन्यांचा करार विनातक्रार पुढे सरकेल. नाही साधलं, म्हणजे रजिस्टर अर्धवट टाकून तुम्ही स्टुलावरच बसून राहिलात, तर नोटीस येईल आणि बाई बाळाला घेऊन धडधाकट घरी जाईल. नोटिशीला उत्तर देता येतं. तेव्हा बसाच.

आणि तुम्ही सिस्टर नसून नुसते वाचक असाल तर तुमच्यासाठी एकच पायरी आहे. भीमाशंकरला जाताना घाटात समोरून सायरन ऐकू आला तर ओव्हरटेक करू नका, गाडी कडेला घेऊन थांबा. देव तिथेच आहे, दहा मिनिटं उशिराने गेलात तरी भेटेल.