ई-पत्रांच्या लवाजम्याचा बंदोबस्त

ज्या सद्गृहस्थांस आलेले पत्र वाचावयाचे असते, निव्वळ पाहावयाचे नसते, त्यांच्या हितार्थ पुढील कलमे सादर आहेत. नेथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड या विद्वानांनी सन १९९२ मध्ये ‘माइम’ नामक संहिता सिद्ध करून, तोवर केवळ अक्षरे वाहणाऱ्या ई-मेलवर चित्रे, ध्वनी व दस्तऐवज लादण्याची सनद बहाल केली. त्याच वर्षी ११ मार्च रोजी बोरेनस्टाइन यांनी रवाना केलेल्या पत्रात त्यांच्या गायकचमूचे छायाचित्र व गायन समाविष्ट असल्यामुळे, पत्रासोबत न मागितलेले गाणे पदरी पडण्याची परंपरा त्या संहितेइतकीच प्राचीन ठरते.

कलम १. एकच मजकूर साध्या अक्षरांत आणि एचटीएमएलच्या जरतारी पोशाखात असा दोनदा पाठविता येतो, व त्यांपैकी शेवटचा तो श्रेष्ठ असा दंडक असल्याने, आज्ञाधारक प्रोग्राम आपणास उमगेल असा शेवटचा नमुनाच मालकापुढे रुजू करतो. हा पसंतिक्रम प्रेषकाचा, वाचकाचा नव्हे. थंडरबर्ड या ई-मेल प्रोग्राममध्ये ‘व्ह्यू’खालील ‘मेसेज बॉडी ॲज’ येथे ‘प्लेन टेक्स्ट’ निवडून तो रद्दबातल करावा. ‘मट’ या ई-मेल प्रोग्रामच्या उपासकांनी ‘अल्टरनेटिव्ह ऑर्डर’ या हुकुमात साध्या मजकुरास अग्रमान द्यावा. साध्या मजकुरात ‘आपला प्रोग्राम एचटीएमएल दाखवू शकत नाही’ एवढाच शेरा आढळल्यास, पत्रलेखकास सांगण्यासारखे विशेष काही नव्हते असे मानून पत्र दप्तरी दाखल करावे.

कलम २. जोडपत्र मजकुराखालीच उलगडावे की नुसते नावानिशी उभे राहावे, याविषयीही प्रेषक शिफारस करू शकतो. परंतु शिफारस म्हणजे फर्मान नव्हे. सबब थंडरबर्डच्या ‘व्ह्यू’खालील ‘डिस्प्ले अटॅचमेंट्स इनलाइन’ समोरील खूण काढावी, म्हणजे चुलतभावाच्या गृहप्रवेशाची छायाचित्रे आपण बोलावल्याखेरीज पडद्यावर येणार नाहीत.

कलम ३. दूरच्या सर्व्हरवरून येणाऱ्या चित्रांस सरसकट परवानगी देऊ नये. त्यांत डोळ्यांस न दिसणारे एक टीचभर चित्र असू शकते, आणि पत्र उघडल्याची खबर प्रेषकास पोहोचविणे एवढीच त्याची चाकरी असते.

कलम ४. एवढा बंदोबस्त झाल्यावर पुष्कळ पत्रांत ‘सोबतचे जोडपत्र पाहावे’ इतकेच शिल्लक राहते, आणि जोडपत्र जोडावयाचे राहून गेलेले असते. त्याची आठवण देणारी सोय थंडरबर्डात आहे, मात्र ती प्रेषकाच्या बाजूस. शिवाय ती ठरावीक शब्द पाहूनच जागी होत असल्याने, इंग्रजी आवृत्ती वापरून मराठीत लिहिणाऱ्यांनी त्या यादीत ‘सोबत’ व ‘जोडपत्र’ हे शब्द स्वहस्ते नोंदवावेत. आपल्या पत्रमित्रांस ही सूचना अवश्य कळवावी. जोडपत्राद्वारे कळवू नये.