पगाराऐवजी पुतळा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये गौरव आधी सुरू होतो, खेळ मागाहून येतो. हंगामाचा पहिला सामना ऑगस्टच्या अखेरीस. पण जुलै उजाडला की पुरस्कार समित्या ‘यांच्याकडे लक्ष ठेवा’ अशा याद्या काढायला लागतात. एकेका यादीत पन्नास-पन्नास नावं. कॉलेजचा प्रसिद्धी विभाग त्याचं पत्रक काढतो, गावचा पेपर ते छापतो, आई-बाप ते नातेवाइकांत फिरवतात. पोराने अजून चेंडूला हातही लावलेला नसतो, पण तो ‘देशातल्या सर्वोत्तमांत विचाराधीन’ झालेला असतो. पुढे नोव्हेंबरात त्याचं नाव यादीतून गळलं, तर त्याचं पत्रक निघत नाही.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू लांबट, बहुतेक वेळ हातात किंवा बगलेत, आणि तो घेऊन पळणाऱ्याला समोरच्यांनी आडवं पाडायचं. खेळणारी मुलं कॉलेजची, पण मामला पोरखेळाचा नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मराठी मुलांना शनिवारी दुपारी लायब्ररीत हवी ती खुर्ची मिळते, ती याच कृपेने.

एवढ्या मोठ्या देशात सर्वोत्तम खेळाडू एकच निवडायचा म्हणजे बाकीच्यांवर अन्याय. म्हणून अनेक निवडतात. सर्वांत मोठा मान हाइझमन ट्रॉफीचा. मॅक्सवेल पुरस्कार वेगळा, तोही सर्वोत्तम खेळाडूलाच. वॉल्टर कॅम्प पुरस्कार, तोही सर्वोत्तमालाच. असोसिएटेड प्रेसचा आणखी एक सर्वोत्तम असतो. २०२४ मध्ये हाइझमन कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाली आणि मॅक्सवेल बॉइसी स्टेटच्या अ‍ॅश्टन जेंटीला. त्या एका आठवड्यात देशात दोन सर्वोत्तम नांदत होते. हंटर तर त्याच हंगामात उत्कृष्ट रिसीव्हरही ठरला आणि उत्कृष्ट बचावपटूही. चेंडू झेलण्यात पहिला आणि दुसऱ्याला झेलू न देण्यातही पहिला. त्याला त्याच्याचविरुद्ध उतरवलं असतं तर समित्यांची मोठी पंचाईत झाली असती.

त्याशिवाय प्रत्येक जागेचा मानकरी निराळा. क्वार्टरबॅकसाठी डेव्ही ओब्रायन, चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी डोक वॉकर, लाइनमनसाठी आउटलंड, गोल साधणाऱ्यासाठी लू ग्रोझा. ज्या संघाचं पुढे काही चालत नाही तो शेवटी चेंडू लांब लाथाडून देतो. ते लाथाडणाऱ्या पंटरसाठी रे गाय पुरस्कार. संघ जितका निकामी, तितकी पंटरला संधी जास्त. आणि २०१९ पासून, त्या पंटरच्या हातात चेंडू पोचवणाऱ्या माणसासाठी पॅट्रिक मॅनेली पुरस्कार.

या माणसाला लाँग स्नॅपर म्हणतात. तो वाकतो, स्वतःच्या दोन पायांमधून उलटं मागे बघतो आणि पंधरा यार्डांवर उभ्या असलेल्या पंटरकडे चेंडू पाऊण सेकंदात भिरकावतो. चेंडू सुटला रे सुटला की समोरून सव्वाशे किलोचं धूड अंगावर येतं. हा मान वर करेपर्यंत टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे निघून गेलेला असतो. काम चोख केलं तर चार वर्षांत त्याचं नाव कुणाला कळत नाही. एकदा चेंडू पंटरच्या डोक्यावरून गेला की सगळ्या राज्याला पाठ होतं. एवढ्या बक्षिसांत मला मनापासून पटलेलं हे एकच.

या साऱ्याचं मूळ ‘ऑल-अमेरिका’ संघात आहे. देशातले उत्तम अकरा निवडून कागदावर एक संघ मांडायचा. तो मैदानात उतरत नाही, त्यामुळे त्याला कुणी हरवू शकत नाही. पहिली यादी १८८९ ची, आणि ती वॉल्टर कॅम्पच्या नावावर जमा आहे. कॅम्प म्हणजे या खेळाचे पितामह. पोटापाण्यासाठी घड्याळांच्या कंपनीत, आणि उरलेल्या वेळात येल विद्यापीठाचे प्रशिक्षक. या अखिल अमेरिकेच्या संघात प्रिन्स्टनचे पाच, येलचे तीन आणि हार्वर्डचे तीन खेळाडू होते. बेरीज अकरा. बाकीची अमेरिका बहुधा त्या दिवशी गैरहजर असावी. प्रिन्स्टनच्या क्वार्टरबॅकचं नाव एडगर अ‍ॅलन पो. चाळीस वर्षांपूर्वी वारलेले कवी नव्हेत, त्यांच्या भावकीतला नामधारी. येलचे प्रशिक्षक असूनही कॅम्प यांनी प्रिन्स्टनचे पाच घेतले, यावरून त्यांचा निःपक्षपातीपणा दिसतो, असं म्हणायला हरकत नाही.

आज असल्या पाच याद्या कॉलेज खेळांची संघटना, म्हणजे एनसीएए, अधिकृत मानते. बहुतेक याद्यांत नाव आलं तर खेळाडू ‘बहुमताचा’, पाचही याद्यांत आलं तर ‘एकमताचा’.

त्या १८८९ च्या यादीतला येलचा एक खेळाडू म्हणजे अ‍ॅमोस अलॉन्झो स्टॅग. तो पुढे शिकागो विद्यापीठात गेला आणि १८९२ पासून तब्बल एक्केचाळीस हंगाम तिथे प्रशिक्षक राहिला. तिथल्या मैदानाला त्याचं नाव मिळालं. याच मैदानावर जे बरवँगर नावाचा मुलगा खेळत होता. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबने नवा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान बरवँगरला दिला. राष्ट्रीय वगैरे काही नव्हतं, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचेच खेळाडू विचारात घेतले होते. क्लबचे क्रीडा संचालक जॉन हाइझमन पुढच्या वर्षी वारले, तेव्हा पुरस्काराला त्यांचं नाव लागलं.

बरवँगरचं पुढे काय झालं, तर व्यावसायिक लीगच्या पहिल्याच निवडीत त्याचं नाव सर्वांत आधी पुकारलं गेलं. त्याने जरा बरे पैसे मागितले. मालकांना ते परवडेनात. मग देशातला पहिला सर्वोत्तम खेळाडू फोम रबर विकायच्या नोकरीला लागला. ट्रॉफी त्याच्या मावशीच्या घरी दार आपटू नये म्हणून दाराला लावलेली असायची. ब्राँझची असल्याने ती वाऱ्याने हलायची नाही. १९३४ च्या एका सामन्यात मिशिगनच्या एका खेळाडूने बरवँगरला पकडायला उडी घेतली आणि डोळ्याखाली कायमची खूण कमावली. त्याचं नाव जेराल्ड फोर्ड, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

शिकागोने त्यानंतर चमत्कारच केला. १९३९ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल बंद करून टाकला. विद्यापीठ शिकण्यासाठी असतं, असा काहीतरी त्यांचा समज होता. मैदान रिकामं पडलं. २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच स्टॅग फील्डच्या बाकांखाली एन्रिको फर्मी यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवून आणली. फुटबॉल सोडला की माणसं असे उद्योग करतात, म्हणूनच बहुधा दुसऱ्या मोठ्या विद्यापीठांनी तो धोका पत्करला नाही.

पुतळ्याचीही एक कथा आहे. फ्रँक एलिस्कू या शिल्पकाराने तो घडवला, तेव्हा नमुना म्हणून न्यूयॉर्क विद्यापीठाचा खेळाडू एड स्मिथ उभा राहिला होता. तो पुतळा म्हणजे हाइझमन ट्रॉफी, हे स्मिथला कळलं १९८२ मध्ये. सत्तेचाळीस वर्षं दर डिसेंबरात त्याचा पुतळा दुसऱ्याला देत होते.

ट्रॉफी मिळवण्यासाठी कॉलेजंही काही कमी खटपट करत नाहीत. १९७० मध्ये नोत्र दामचा जो थीझमन चांगला खेळत होता. प्रसिद्धी प्रमुखाने त्याला सांगितलं, आजपासून तू ‘थाइझमन’, म्हणजे ‘हाइझमन’शी यमक जुळेल. पोराने बापजाद्यांचं आडनाव वळवून घेतलं. ट्रॉफी गेली स्टॅनफर्डच्या जिम प्लंकेटकडे. थाइझमन दुसरा आला आणि उच्चार त्याला जन्मभर चिकटला. २००१ मध्ये ओरेगन विद्यापीठाने तर आपल्या जोई हॅरिंग्टनचा दहा मजली फलक लावला. कॉलेज पश्चिम किनाऱ्यावर, फलक न्यूयॉर्कला, कारण मतं देणारे पेपरवाले तिकडे. खर्च अडीच लाख डॉलर. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स वाचून ज्यांची नजर तयार झाली आहे त्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो नव्हते, तेवढीच त्रुटी. हॅरिंग्टन चौथा आला.

मतदार कोण, तर पत्रकार-निवेदक मंडळी साधारण ८७०, शिवाय हयात माजी विजेते, आणि उरलेल्या तमाम जनतेला मिळून एक मत. हे लोकशाहीचं माहेरघर. एवढ्या जाणत्यांनी १९५६ मध्ये नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला निवडलं. त्याच्या संघाने त्या वर्षी दोन सामने जिंकले होते आणि आठ हरले होते. सिरॅक्यूजचा जिम ब्राउन पाचवा आला. तो काळा होता, आणि पहिला काळा विजेता निवडायला मतदारांना १९६१ साल उजाडावं लागलं.

क्वार्टरबॅकला वाचवण्यासाठी त्याच्यापुढे पाच जण उभे असतात. त्या पाच जागांवरच्या कुणालाही आजवर हाइझमन मिळालेली नाही. त्यांचा रुसवा काढायला २०१५ पासून जो मूर पुरस्कार आहे. सगळ्यांना मिळून एक, सात फूट उंच, ८०० पौंड वजनाचा. घरी नेण्याचा प्रश्नच नाही.

इतकी बक्षिसं का लागतात, याचं उत्तर जमाखर्चाच्या वहीत आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ या खेळात तिकिटं विकली गेली, टीव्हीचे हक्क विकले गेले, जर्सी नि टोप्या विकल्या गेल्या. खेळणाऱ्याच्या हातात पैसे ठेवणं तेवढं पाप होतं. तो हौशी. त्याला फी माफ करायची, जेवू घालायचं आणि डिसेंबरात टाळ्या वाजवायच्या. प्रशिक्षक मात्र हौशी नाही. बहुतेक राज्यांत सरकारी नोकरांपैकी सर्वांत जास्त पगार गव्हर्नरला नसतो, फुटबॉलच्या नाहीतर बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला असतो. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना घरी बसवलं, तेव्हा करारातले साडेसात कोटी डॉलरांहून जास्त देणं उरलं होतं. रुपयांत ६०० कोटींच्या वर, आणि तेही न शिकवण्याबद्दल.

हौशीपणाची किंमत कधी कधी घरच्यांनी मोजली. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा एक खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असं कारण देऊन. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हे बिरूद असल्याच दाव्यांच्या धास्तीने रूढ केलं, हे एनसीएएचे दीर्घकाळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवलं. त्या मुलाला ‘कामगार’ म्हटलं असतं तर विम्याचा हप्ता भरावा लागला असता. ‘ऑल-अमेरिकन’ म्हणायला काही लागत नाही.

आणि पाप केलं तर काय होतं, ते रेजी बुशने पाहिलं. २००५ ची हाइझमन त्याची. कॉलेजात असतानाच त्याने नि घरच्यांनी एजंटगिरी करू पाहणाऱ्यांकडून पैसे घेतले, आई-वडील त्यांच्या घरात बिनभाड्याने राहिले, असा ठपका एनसीएएने २०१० मध्ये ठेवला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चौदा विजय नोंदींतून पुसले. बुशने पुतळा परत केला. त्या सामन्यांच्या तिकिटांचे पैसे कुणी परत केल्याचं ऐकिवात नाही.

मग पापाची व्याख्या सैल झाली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केली आणि प्रत्येक कॉलेजने स्वतःच खेळाडूंना वर्षाला दोन कोटी डॉलरांहून थोडे जास्त वाटायला हरकत उरली नाही. पगार सुरू झाला म्हणून पुतळे कमी होतील असं कुणाला वाटलं असेल तर तसं काही झालेलं नाही. जुलैच्या याद्या वेळेवर निघतात.

एप्रिल २०२४ मध्ये हाइझमनच्या विश्वस्तांनी, खेळाचं चित्र आता फार बदललं आहे, असं सांगत बुशला पुतळा परत दिला. पुसलेले विजय काही त्याबरोबर आले नाहीत. तेव्हा अधिकृत नोंद अशी की, २००५ च्या हंगामात त्याच्या संघाने एकही सामना जिंकला नाही, टेक्सासविरुद्धचा शेवटचा तेवढा हरला, आणि देशातला सर्वोत्तम खेळाडू त्याच संघातला. हॉर्नंगच्या संघाने निदान दोन तरी जिंकले होते.