सहाशे किलोंचा हिशेब

अमेरिकेच्या संघीय विमान प्रशासनाने २००४ साली ‘लाइट स्पोर्ट’ नावाचा विमानांचा जो वर्ग निर्माण केला, त्याच्या व्याख्येत उड्डाणापेक्षा वजनकाट्याचाच विचार अधिक दिसतो. जमिनीवर उतरणाऱ्या विमानाचे माणसे, इंधन व सामान धरून एकूण वजन ६०० किलोंच्या आत, आसने फार तर दोन, इंजिन एकच आणि चाके कायम बाहेर, अशा त्याच्या अटी होत्या. हा वर्ग केस पिकलेल्या हौशी मंडळींना विशेष मानवला, याचे कारण मात्र वैद्यकीय होते. असे विमान चालवणाऱ्या ‘स्पोर्ट पायलट’ला वैमानिकांचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही, मोटारीचा परवाना पुरतो, परंतु ज्याने ते प्रमाणपत्र मागितले आणि ज्याला ते नाकारले गेले, त्याला ही सवलत नाही. आपल्याला काही विकार असल्याचे ठाऊक असेल तर उडू नये, असेही नियम बजावतो, आणि त्यामुळे ठाऊक करून न घेण्याकडे कल वाढला तर दोष कोणाला द्यावा?

खरी कसोटी लागते ती बेरीज-वजाबाकीत. रिकामे विमान ३७५ किलोंचे धरले तर उरतात २२५. ९० लिटरची टाकी भरताच, लिटरला सुमारे ७२० ग्रॅम या दराने, पेट्रोलपायी ६५ किलो जातात, आणि राहिलेल्या १६० किलोंत दोन सुखवस्तू अमेरिकन गृहस्थ, त्यांचे बूट व त्यांची मैत्री बसवावी लागते. मित्राला वजन विचारणे आणि त्याने सांगितलेल्या आकड्यात चार-पाच किलो मुकाट्याने मिळवणे, हे जाणत्या मालकाचे लक्षण होय.

या वर्गातील पुष्कळ विमानांना ऑस्ट्रियन बनावटीचे रोटॅक्स ९१२ हे इंजिन असते. त्याचे तेल वेगळ्या टाकीत राहते, पण विमान उभे असताना त्यातले काही इंजिनात उतरते. म्हणून तेलाची पातळी पाहण्यापूर्वी, इग्निशन बंद असल्याची खात्री करून आणि टाकीचे झाकण उघडून, टाकीतून ‘गुडगुड’ ऐकू येईपर्यंत पंखा हाताने फिरवायचा असतो. वैमानिक यास इंजिनाची ढेकर काढणे म्हणतात, आणि लाखभर डॉलर मोजलेला मालक त्या वेळी कान लावून उभा असतो, तो तान्ह्या नातवाला खांद्यावर घेतलेल्या आजीइतकाच तन्मय दिसतो.

जुलै २०२५ मध्ये नवे नियम जाहीर होऊन ६०० किलोंची अट गेली आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, हा मुख्य निकष ठरला. तरी प्रत्येक विमानाची निर्मात्याने घातलेली मर्यादा राहिलीच, त्यामुळे मित्रांची चौकशी चालूच आहे. राहता राहिला उड्डाणाचा हेतू. तो बहुधा शेजारच्या धावपट्टीवरील उपाहारगृहात जेवून येणे इतकाच असतो, आणि खर्चाचा विचार करून वैमानिक त्या जेवणाला ‘शंभर डॉलरचा हँबर्गर’ म्हणतात. इंजिन तासाला सुमारे १८ लिटर, म्हणजे १३ किलो पेट्रोल जाळत असल्याने, तासाभराच्या अंतरावर खाल्लेला हँबर्गर परतीच्या वजनात बिनबोभाट सामावतो, आणि मित्राने दुसरा मागवला तरी मालकाला कायद्याचा आधार घेऊन नाही म्हणता येत नाही.