पिवळ्या गुळाचे गिऱ्हाईक

संक्रांतीच्या आधी कुठल्याही किराणा दुकानात पाच मिनिटे उभे राहा. फळीवर गुळाच्या दोन ढेपी असतात, एक पिवळीधमक आणि दुसरी गडद तपकिरी. गिऱ्हाईक आधी विचारते, "केमिकल नाही ना यात?" आणि मग बोट दाखवते ते पिवळ्या ढेपेकडे.

लोक सेंद्रिय माल का घेतात किंवा का घेत नाहीत, यावर चर्चासत्रे भरतात. तिथे जागृती, शिक्षण आणि मानसिकता हे शब्द मोठ्याने बोलले जातात. माझे म्हणणे साधे आहे. गिऱ्हाइकाचा निर्णय होतो डोळ्यांनी, खिशाने आणि समोरच्या माणसावरच्या विश्वासाने. पर्यावरणाचा नंबर त्यानंतर लागतो. हे मान्य केल्याशिवाय पुढे काही हलणार नाही.

कोल्हापूरचा गूळच घ्या. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गुऱ्हाळघरात काहिलीत रस उकळतो, रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती काढायची आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्याने ठरवायचे. असा नीट केलेला गूळ तांबूस, तपकिरी होतो. पण बाजार समितीच्या सौद्यात रव्याचा, म्हणजे ढेपेचा, भाव रंगावर ठरतो. कोल्हापुरी गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरातेत आहे आणि तिथेही पिवळा मालच चालतो. मग काहिलीत हायड्रॉस पडते. हे सोडियम हायड्रोसल्फाइट कापडाच्या कारखान्यात रंग उडवायला वापरतात. त्यातला गंधक गुळात मागे राहतो, म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमात त्याची मर्यादा घालून दिली आहे, दहा लाख भागांत ७० भाग. एवढे करून मिळवलेला पिवळा रंग टिकतही नाही. साठवणीत तो गूळ पुन्हा काळवंडतो.

गुळव्याला हे सगळे ठाऊक आहे. घरच्या खाण्यासाठी तो वेगळा गूळ काढतो, कारण घरचे लोक त्याला रंग विचारत नाहीत. बाजाराचा गूळ मात्र तो बाजार मागतो तसाच देणार. दोन रव्यांमागे दोन भाव मिळत असतील, तर कमी भावाचा रवा त्याने कोणाच्या समाधानासाठी काढायचा?

आता शहरात उलटी लाट आली आहे. काळा गूळ म्हणजे सेंद्रिय गूळ असा नवा समज रुजला. त्याचाही धंदा लगेच उभा राहिला. रस जास्त तापला किंवा मळी नीट निघाली नाही तरी गूळ काळाच होतो. गुळात स्वस्त साखर मिसळण्याचा प्रकारही कोल्हापूर भागात जुना आहे, आणि ती साखर कुठल्याच रंगातून दिसत नाही. काल डोळा पिवळ्याला फसला, आज काळ्याला फसतो आहे.

खिशाचेही तसेच. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळणाऱ्या शेतकऱ्याला हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षे आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षे संक्रमणाचा काळ काढावा लागतो. त्या काळात उत्पादन घटू शकते, निंदणीचा खर्च वाढतो, आणि माल पूर्ण सेंद्रिय म्हणून विकताही येत नाही. ही तूट कोणी भरायची? आपण म्हणतो, शेतकऱ्याने. मग तो दर वाढवतो, आणि आपण म्हणतो, सेंद्रिय म्हणजे श्रीमंतांचे चोचले. महिन्याच्या पंधरा तारखेनंतर उधारीवर वाणसामान भरणाऱ्या बाईला निसर्गप्रेमाचे व्याख्यान देणाऱ्याचा मला राग येतो. तिला माती नकोशी झालेली नाही. तिच्या पर्समध्ये तेवढे पैसे नाहीत.

दर उतरला की माणूस काय करतो, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. सरकारने एलईडी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी केली, तेव्हा खरेदीचा दर २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. पाहता पाहता वाड्यावस्त्यांवरचे पिवळे बल्ब गेले. त्यासाठी कोणाची मानसिकता बदलावी लागली नाही.

लेबलांचाही असाच धडा आहे. १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणपूरक वस्तूंसाठी इकोमार्क काढला. त्याचे चिन्ह मातीचे मडके. तुमच्या घरातल्या किती वस्तूंवर ते मडके आहे? २००६ मध्ये विजेच्या उपकरणांवर तारे आले, आणि आज सातवीतले पोरसुद्धा दुकानात विचारते की फ्रिज किती स्टारचा. मडके कंपन्यांच्या मर्जीवर सोडले होते. तारे फ्रिज आणि एसीवर पुढे सक्तीचे झाले. शिवाय तारा गिऱ्हाइकाच्या कामाचे बोलतो: लाइट बिल किती येईल. मडक्याने त्याला काहीच सांगितले नाही. २०२४ मध्ये इकोमार्कचे नियम नव्याने काढले. ते पुन्हा मर्जीवरच चालणार असतील, तर आणखी तीस वर्षांनी हाच प्रश्न विचारावा लागेल.

खाण्याच्या मालासाठी 'जैविक भारत' हे चिन्ह आहे. त्याचे नियम २०१७ चे. त्यामागे प्रमाणीकरणाच्या दोन वाटा आहेत. एकीत बाहेरची संस्था तपासते. दुसरीत शेतकऱ्यांचा गटच एकमेकांच्या शेतावर जाऊन हमी देतो, आणि ती छोट्या शेतकऱ्याला परवडते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, मात्र त्याला ते चिन्हही लावता येत नाही. एवढे साधे ज्ञान घराघरांत पोचलेले नाही. त्याऐवजी पोचले आहे पाकिटावरचे हिरवे पान आणि '१०० टक्के नैसर्गिक'. २०२४ च्या ऑक्टोबरात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे मोघम हिरवे दावे पुराव्याशिवाय करायला मनाई केली. किराणा दुकानातली फळी पाहून कोणाला ते कळणार नाही.

आणि प्रमाणपत्रही पवित्र नसते. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाचा जागतिक दर्जा सांभाळणाऱ्या संस्थेनेच जाहीर केले की भारतातला सुमारे वीस हजार टन कापूस बनावट कागदांवर सेंद्रिय म्हणून विकला गेला. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुढच्या वेळी प्रामाणिक शेतकऱ्यालाही दारातून परत पाठवते. खोट्या मालाचा दंड खऱ्या माणसाकडून असा वसूल होतो.

कापसाचा विषय निघालाच आहे तर जे मला सगळ्यात जास्त टोचते ते सांगतो. घरात बाळ आले, कोणाला कॅन्सर निघाला, की सेंद्रिय डाळ-तांदूळ घरात येतो. स्वतःच्या माणसाची काळजी हे खरेदीचे सर्वांत मोठे कारण आहे, आणि त्यात वावगे काही नाही. पण ती काळजी ताटाच्या कडेला थांबते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अनेकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्या वर्षी दिवाळीच्या खरेदीत आपल्यापैकी किती जणांनी सदरा घेताना कापूस कुठला, कसा पिकवला, असे विचारले? ते विष आपल्या ताटात येत नव्हते. पाठीवर पंप बांधलेल्या मजुराच्या नाकातोंडात जात होते. मला 'केमिकल नाही ना' हा प्रश्न अर्धा वाटतो तो याच कारणाने. माझ्या पोटात नाही ना, एवढेच त्यात विचारलेले असते.

उरलेला अर्धा प्रश्न एकट्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारून चालणार नाही. रंगावर भाव काढणारा सौदा बदलणे बाजार समित्यांच्या हातात आहे. गुळाच्या प्रत्येक लॉटचा नमुना तपासा, गंधकाचे प्रमाण आणि साखरेची भेसळ किती ते सौद्याच्या आधी फळ्यावर लिहा, आणि बोली त्या आकड्यांवर लागू द्या. पहिल्या हंगामात व्यापारी कुरकुरतील. ज्या दिवशी तपकिरी रव्याला पिवळ्यापेक्षा क्विंटलमागे दोनशे रुपये जास्त मिळतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी गुळव्या हायड्रॉसचा डबा उकिरड्यावर टाकेल.