रेषेबाहेरचे पंच

साखरशेतला कबड्डीचे सामने लागले की नेमलेले पंच शिट्टी घेऊन आत, आणि मामा निदानरेषेच्या नेमके समोर, फक्कीच्या रेषेबाहेर उकिडवे. जव्हार-मोखाड्यात कुठल्याही मैदानावर जा, असे एक मामा असतातच.

नियम त्यांना पाठ. चढाईपटूला धरायचं ते धडाला नाहीतर हातापायाला. केस ओढायचे नाहीत, पायांची कात्री घालायची नाही, तोंड दाबून दम तोडायचा नाही. एवढ्यावर मामा शिट्टीच्या आधी निकाल देऊन मोकळे होतात. गोची होते ती डोक्याला डोकं लागलं की. कोपरारक्षक घोटा धरायला झेपावतो, चढाईपटू त्याच क्षणी वाकतो आणि टाळकी भिडतात. मुद्दाम की चुकून? आतले पंच एकमेकांकडे बघतात. मामा आवाजावरून ठरवतात : टक्क झालं तर चुकून, धप्प झालं तर मुद्दाम. एकदा दोन्ही आवाज आले. तेव्हा जो जास्त वेळ डोकं चोळत बसला, तो दोषी ठरला.

भाच्याने त्यांना मोबाइलवर अमेरिकन फुटबॉल दाखवला. तिकडे कॉलेजच्या सामन्यात हेल्मेटचा शेंडा रोखून कुणी घुसला की २०१३ पासून तो थेट सामन्याबाहेर. पंच पिवळा रुमाल टाकतात, पडद्यावर तोच क्षण फिरवून फिरवून बघतात आणि शंका असेल तर फाऊलच धरा, असं नियमातच आहे.

“डोक्यावर एवढं मडकं घातल्यावर पोरगं धडकणारच की!” मामा म्हणाले. “आणि दुसऱ्यांदा बघावं लागतं, त्याने पंच कशाला व्हावं?” शंकेचं कलम मात्र त्यांनी लगेच लागू केलं. शंका येते ती नेहमी पाहुण्या संघाचीच, एवढंच.

एका बाबतीत मात्र मामांना हसू नये. डोकं आपटलेल्या पोराला ते जवळ बसवतात, विचारतात, “रात्री काय जेवलास?” पोरगं ‘नागलीची भाकर’ म्हणण्याऐवजी नुसतं बघत राहिलं, तर त्या दिवशी त्याचा खेळ बंद. मग संघनायक कितीही पाया पडो. अमेरिकेतले मैदानावरचे डॉक्टरही असंच काहीबाही विचारून मेंदूला मार बसलाय का ते चाचपतात.

गेल्या खेपेला आतले पंच वैतागले. शिट्टी काढून पुढे धरली. “मामा, तुम्हीच या आत.”

मामा जागचे हलले नाहीत. “नको रे बाबा. आतून नीट दिसत नाही.”