सागाचा शहाणपणा

पावसाळा लागला की घरोघरची दारं फुगून बसतात. खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत, आणि दिवाळीनंतर आपणहून शहाणी होतात. सागाच्या दाराला असले रुसवेफुगवे फारसे ठाऊक नसतात. अंगातच तेल मुरलेलं, त्यामुळे पाणी सहजी शिरत नाही, वाळवी गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि एकदा नीट वाळलेली फळी वाकडी व्हायचं नाव घेत नाही. इतका समंजसपणा जरा संशयास्पदच! सुतार मात्र त्याला पुरता ओळखून असतो. वाळूत असते तीच सिलिका हे झाड जन्मभर पोटात साठवतं आणि रंध्याच्या पात्याची धार मुकाट्यानं खाऊन टाकतं. सोशिक माणसांचा राग असाच, आवाज न करता बोथट करणारा.

आरमारासाठी साग तोडावा, पण परवानगीनं. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, ती झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बजावतं. रानातल्या सागाला असे आईबाप कुठले? त्यानं निमूट समुद्र पत्करला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही लढाऊ नौका १८१७ साली पाण्यात उतरली. डागडुजी होत होत ती इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. जिच्यासाठी बांधली ती बादशाही केव्हाच बुडाली.

आमच्याकडे आजोबांचं सागवानी कपाट आहे. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणाऱ्यानं शतकभर टिकणारी वस्तू बाळगणं हास्यास्पद आहे, हे मला कळतं. ते लिफ्टमध्ये मावत नाही. दर घरबदलीला हमाल जिन्याच्या वळणावर थांबून माझ्याकडे नुसते बघतात. परवा त्याचं दार खाली घासायला लागलं (बिजागरी थकली होती, लाकूड नव्हे), म्हणून मिस्त्रीनं कडेवरून रंधा फिरवला. वर काळपट पडलेलं लाकूड आतून सोनेरी निघालं, आणि चामड्यासारखा तेलकट वास खोलीभर पसरला. आजोबांच्या अंगणात ते घडलं तेव्हाही हाच वास सुटला असणार.

“साहेब, हे धूड कुठं कुठं ओढत न्याल? मला द्या, चांगला भाव देतो,” मिस्त्री म्हणाला.

हे कुणीतरी विचारावं म्हणून मी कित्येक वर्षं थांबलो होतो. मी त्याला चहा घेणार का विचारलं, आणि पुढच्या घराचा जिना किती रुंद आहे ते एकदा मोजून यायला हवं, असं बोलून गेलो.