छताखालचा शॅल

आमच्या दिवाणखान्याच्या छतावर एक डाग आहे. पहिल्या वर्षी तो श्रीलंकेएवढा होता, आता ऑस्ट्रेलिया झालाय. त्याच्या बरोब्बर वर घरमालकांचं न्हाणीघर. मालक सकाळी साडेसहाला आंघोळीला बसतात हे आम्हाला घड्याळ न बघता कळतं, कारण पावणेसातला टीपॉयवरच्या पातेल्यात पहिला ‘टप्’ वाजतो. सणावाराला ते साग्रसंगीत न्हातात, तेव्हा पातेलं काढून बादली ठेवावी लागते. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तर आम्हाला थोडा उटण्याचा वासही येतो.

करार आमच्या बाजूनं आहे. अकरा महिन्यांचा, रीतसर. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं असा करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत हवा असं सांगून ठेवलंय, त्यामुळे अकराच महिने धरून काही वाचत नाही. पण भाडेकरूला बारावा महिना लाभला की तो वास्तुशांत घालतो, अशी मालकवर्गाची श्रद्धा आहे. तर, या कराराच्या नवव्या कलमात साफ लिहिलंय की लायसेन्सॉरनं सगळी मोठी दुरुस्ती करायची. लायसेन्सॉर म्हणजे मालक आणि लायसेन्सी म्हणजे मी, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पहिलं वर्षभर मी स्वतःलाच लायसेन्सॉर समजत होतो आणि स्वखर्चानं नळ बदलत होतो.

नववं कलम दाखवायला मी वर गेलो. मालक त्या वेळी पंचा वाळत घालत होते.

“काका, इथं शॅल लिहिलंय,” मी बोट ठेवून म्हणालो. “शॅल कॅरी आउट.”

“मग? करणारच आहे की. नाही म्हणालोय का कधी?” काका म्हणाले. “करीन. पावसाळा सरू दे.”

तो डिसेंबर होता.

हा मामला घेऊन मी दादाकडे गेलो. दादा माझा मावसभाऊ, दिवाणी कोर्टात तीस वर्षं वकिली करतो. त्यानं करार आधी नाकाजवळ धरला, मग लांब धरला. “शॅल म्हणजे बंधनकारक,” तो म्हणाला. मला केवढा आनंद झाला. मग चष्मा पुसत तो पुढे म्हणाला, “सर्वसाधारणपणे.”

वकिलाच्या तोंडचा ‘सर्वसाधारणपणे’ आणि सर्जनच्या तोंडचा ‘काळजीचं कारण नाही’ हे दोन्ही शब्द ऐकले की मी खुर्ची शोधतो.

शाळेत आमच्यावर शॅल छडीनं बिंबवला होता. आय आणि वी यांना शॅल, बाकी सगळ्यांना विल. साधा भविष्यकाळ. पण हुकूम सोडायचा असेल, वचन द्यायचं असेल तर जोडपी उलटी करायची: आय विल, यू शॅल. असं का, हे विचारलं की छडी. पुढं कळलं की हा नियम जॉन वॉलिस नावाच्या इंग्रजानं १६५३ साली मांडला, तोही इंग्रजीचं व्याकरण लॅटिनमधून लिहून. हा मूळचा गणिती. दोनच वर्षांनी त्यानं गणितात अनंताचं चिन्ह आणलं, तो आडवा झोपलेला आठ. शॅलचा नियम आणि अनंत काळ, दोन्ही एकाच माणसानं द्यावेत, हे माझ्या मालकांना कळलं तर ते त्याचा फोटो देवघरात लावतील.

वॉलिसच्याही फार पूर्वी या शब्दाचा अर्थ होता ‘देणे लागणे’. मी शॅल म्हणजे मी तुझं देणं लागतो. जर्मनमध्ये याची भावंडं अजून नांदतात: ‘सोलेन’ म्हणजे करायला हवं, आणि ‘शुल्ड’ म्हणजे कर्जही आणि अपराधही. हे वाचल्यावर मी पातेल्याकडे बघत बराच वेळ बसलो, कारण मराठीत अगदी हेच आहे. मी वाण्याचे शंभर रुपये देणे लागतो. आणि मला ऑफिसला जावं लागतं. एकच लागणं. कर्तव्य म्हणजे उधारी, हे आपल्या भाषेला आणि त्या जुन्या इंग्रजीला एकमेकांना न विचारता समजलेलं होतं.

पण आपण शॅलचं मराठी करताना हे ‘लागेल’ सोडलं आणि धरलं काय, तर ‘असेल’, ‘करील’, ‘येईल’. आता मराठी माणूस ‘असेल’ कधी म्हणतो? चष्मा कुठंय? असेल तिकडंच. आज्जीचं वय काय? असेल ऐंशी. ‘असेल’ म्हणजे आम्ही शोधायला उठणार नाही. राज्यघटनेचं बावन्नावं कलम इंग्रजीत शॅल वापरून ठणकावतं की भारताला राष्ट्रपती आहेच आहे. मराठी प्रतीत तिथं ‘असेल’ आहे. शब्दशः बिनचूक. पण आमच्या ओसरीवर कुणी वाचून दाखवलं असतं तर आजोबा पान लावता लावता म्हणाले असते, “असेल असेल. दिल्ली मोठी आहे.”

दादाचं म्हणणं, मराठीला दोष देऊ नकोस, खुद्द इंग्रजी शॅलच बाराचा आहे. त्यानं मला घटनेचं जुनं पंचेचाळिसावं कलम दाखवलं. दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्य ‘शॅल एन्डेव्हर’. म्हणजे झटेल. दहा वर्षं १९६० ला संपली. राज्य झटत राहिलं. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती करून शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, त्याचा कायदा २००९ मध्ये आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आमच्याकडे एन्डेव्हरचा इतका चोख वापर फक्त माळा आवरण्याच्या बाबतीत होतो. मी २०१६ पासून झटतो आहे.

मग त्यानं खटले काढले. १८८० सालचा विलायतेतला एक खटला मला फार आवडला. ज्युलियस नावाच्या डॉक्टरनं ऑक्सफर्डच्या बिशपकडे एका पाद्र्याची तक्रार केली. बिशपनं लक्ष दिलं नाही. कायद्यात बिशपच्या अधिकाराबद्दल लिहिलं होतं ‘इट शॅल बी लॉफुल’. शॅल आहे तर चौकशी करायलाच हवी, असं डॉक्टरचं म्हणणं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि तिथं ठरलं की या शॅलनं बिशपला फक्त मुभा मिळते. करायचं की नाही ते त्यांनी बघावं. आमचे काका मागच्या जन्मी ऑक्सफर्डला होते, असा माझा संशय आहे.

आपलं सर्वोच्च न्यायालयही मागे नाही. सरकारी नोकरावर शिस्तभंगाची कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यायचा, असं घटनेच्या ३२० व्या कलमात आहे, तेही शॅल घालून. उत्तर प्रदेशातल्या मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात, १९५७ साली, न्यायालयानं ठरवलं की हा शॅल मार्गदर्शक आहे; सल्ला घ्यायचा राहून गेला म्हणून कारवाई रद्द होत नाही.

“आणि आमच्या धंद्यातला सगळ्यात लाडका शॅल हा,” दादा म्हणाला. त्याचा चेहरा आठवणीनं मऊ झाला. दिवाणी दाव्यात प्रतिवादीनं तीस दिवसांत कैफियत द्यायची, फार तर नव्वद, असं २००२ च्या दुरुस्तीनं बजावलं. शॅल होताच. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मुदत पाळावी हे खरंच, पण हा नियम मार्गदर्शक आहे. अपवाद म्हणून नव्वदीनंतरही कैफियत घेता येईल. दादाच्या पिढीतल्या कितीतरी वकिलांची मुलं त्या अपवादावर शिकली. पुढं व्यापारी दाव्यांसाठी वेगळा कायदा झाला, त्यात मुदत १२० दिवस, आणि २०१९ ला न्यायालयानं सांगितलं की हा शॅल मात्र खराखुरा, १२० नंतर कैफियत दप्तरी घ्यायचीच नाही. कारण त्या कायद्यात मुदत चुकली तर काय होणार, तेही लिहून ठेवलं होतं: हक्क बुडाला.

“म्हणजे शॅल बघायचाच नाही,” मी म्हणालो. “पुढं ‘नाहीतर’ आहे का, ते बघायचं.”

“सर्वसाधारणपणे,” दादा म्हणाला.

हे ऐकून मला पुण्यातल्या पाट्या नव्यानं उमगल्या. ‘येथे कचरा टाकणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल’ ही पाटी कुठं आहे ते लांबूनही कळतं, कारण गावातला सगळ्यात उंच ढीग तिच्या पायथ्याशी असतो. हा मार्गदर्शक येईल. याउलट ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’. तोच काळ, तेच क्रियापद, तोच कर्त्याविना वावरणारा प्रयोग. पण इथं मी स्वतः स्कूटर ढकलत दीड किलोमीटर गेलेलो आहे. सर्वोच्च न्यायालयाला जो भेद करायला खंडपीठ बसवावं लागतं, तो सदाशिव पेठेतल्या निवृत्त गृहस्थाला टाचणीनं करता येतो.

बाहेरच्या देशांनी या शब्दाचा नाद सोडलाय. दक्षिण आफ्रिकेनं १९९६ ची राज्यघटना लिहिताना शॅल टाळून ‘मस्ट’ घेतला. अमेरिकेत संघीय न्यायालयांचे दिवाणी कामकाजाचे नियम २००७ साली नव्यानं लिहिले, त्यातूनही त्याला घालवला. आपण तो ठेवलाय. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, तीनशे दोन आणि चारशे वीस हे आयुष्यभराचे ओळखीचे आकडे गेले, पण शॅल जागच्या जागी. मला त्यात आपलेपणा वाटतो. ‘मस्ट’ फार तुटक. मस्ट म्हणणाऱ्याच्या घरी आपण दुसऱ्यांदा चहाला जात नाही.

तरी यंदा करार नव्यानं करताना मी हट्ट धरला. नववं कलम मराठीत हवं, आणि त्यात नाहीतर हवं. करार लिहिणारा एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन सकाळीच घरी आला. काकाही खाली उतरले, आमच्या सोफ्याच्या कोरड्या टोकाला बसले. एजंटनं मसुदा वाचला: मालक गळतीची दुरुस्ती करून देतील.

“देतील नको,” मी म्हणालो. “द्यावी लागेल, लिहा. नाहीतर भाड्यातून खर्च वजा.”

“अहो, देतील हे आदरार्थी आहे,” काका दुखावल्या सुरात म्हणाले. “इतक्या वर्षांचे संबंध आपले. लागेल काय, लागेल!”

“फॉरमॅटमध्ये देतीलच येतं साहेब,” एजंट म्हणाला. “मला पुढं कोथरूडला दोन आहेत.”

आतून बायको म्हणाली, “अहो, सही करा. आणि माळ्याचं काय झालं?”

“करीन की,” मी म्हणालो. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू हरवलेला भाऊ सापडला.

मी सही केली. मग अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्र लाल झालं. परत ठेवला, परत लाल. पावणेसात होऊन गेले होते. वरती काकूंची आंघोळ चालली असावी. एजंटनं मान वर करून ऑस्ट्रेलिया बघितला, मग यंत्राची ओली काच बघितली, खिशातून रुमाल काढून माझ्यापुढं धरला.

“अंगठा कोरडा करावा लागेल,” तो म्हणाला. “नाहीतर करार होणार नाही.”